खोटा दाखला कुणाचा?

अध्यापक विद्यालयाच्या प्रवेशासाठी खोटा दाखला जोडणारा उमेदवार सापडला की आपल्याकडे दोनच सूर उमटतात. एक म्हणतो, भावी गुरुजीच खोटे बोलत असेल तर त्याला शाळेची पायरी चढू देऊ नका. दुसरा म्हणतो, पोटासाठी केले बिचाऱ्याने, पोराचे आयुष्य कशाला नासवता? दोघांनाही दिसतो तो एकच अर्ज आणि एकच आरोपी.

एके काळी डी.एड. म्हणजे हमखास नोकरी असे समीकरण होते. जागा थोड्या, इच्छुक फार. साहजिकच खोटेपणा प्रवेशाच्या खिडकीशी घुटमळत होता. पुढे विद्यालयांचे अमाप पीक आले, २०१२ नंतर शिक्षकभरती दीर्घकाळ रखडली आणि जागा ओस पडू लागल्या. रिकाम्या जागेसाठी कोण खोटे बोलणार? टंचाई आता नोकरीपाशी होती, म्हणून लबाडीनेही मुक्काम हलवला. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या शिक्षक पात्रता परीक्षेत नापासांचे गुण वाढवल्याचे प्रकरण पुणे सायबर पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आणले. परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. २०२२ मध्ये ७,८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. एवढे गुण काही उमेदवारांनी घरी बसून वाढवून घेतले नव्हते!

अर्जात खोटे बोलण्याची विद्या संस्थाचालकांनाही अवगत होती. महाराष्ट्रातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. २०१२ साली आयोगाचा अहवाल आला. २९१ पैकी मान्यतेस पात्र ठरली अवघी ४४. ज्या संस्थेचे ग्रंथालय आणि अध्यापक फक्त कागदावर आहेत, तिने मुलाच्या दाखल्यावरचा शिक्का भिंगातून तपासावा, यातला विनोद कडवट आहे.

म्हणून उमेदवाराला सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. कायद्याचा प्रवास येथे लक्षात घ्यावा असा आहे. जातीच्या दाखल्यांसाठी पडताळणी समित्यांची चौकट सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात घालून दिली. २००० च्या मिलिंद खटल्यात हलबा-कोष्टी म्हणजे हलबा नव्हेत असे ठरले, तरी शिक्षण पुरे झालेल्या विद्यार्थ्याची वैद्यकीय पदवी न्यायालयाने वाचवली. त्या दयेच्या आधाराने पुढे अनेकांनी आपापल्या पदव्या आणि नोकऱ्यांसाठी संरक्षण मागितले. २०१७ मध्ये बहिरा खटल्यात हे दार बंद झाले. दावा खोटा ठरला की लाभ गेला, तेथे हेतू तपासण्याची गरज नाही; शिक्षेसाठी मात्र गुन्हेगारी हेतू पाहावा लागेल.

हा भेद मला मोलाचा वाटतो. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची नोंद खरी मानून अर्ज करणारी मुलगी आणि दलालाकडून कोरा करकरीत दाखला विकत घेणारा बहाद्दर, दोघांनीही जागा सोडलीच पाहिजे. कारण ती जागा दुसऱ्या कुणाची तरी होती. आश्रमशाळेतून शिकून आलेल्या, थोडक्या गुणांनी मागे राहिलेल्या एखाद्या मुलीची असेल. पण तुरुंगाची वाट दोघांना सारखी नसावी. आणि दलालाला, त्याला शिक्का देणाऱ्या कारकुनाला ती आधी दाखवावी.

खरी मेख आहे ती वेळेची. पडताळणीचे प्रमाणपत्र नंतर आणा, म्हणून प्रवेश द्यायचा. मग मुदतवाढ, तिच्यावर आणखी मुदतवाढ. तोवर मुलगा शिकतो, नोकरीला लागतो, लग्न होते, कर्ज निघते. दहा वर्षांनी समितीचा निकाल येतो, तेव्हा दया दाखवावी तर डावललेल्यावर अन्याय, कठोर व्हावे तर वर्गातल्या पोरांचे मास्तर अर्ध्या वर्षात गायब. ही कोंडी दाखल्यांनी जेवढी केली, तेवढीच दप्तरदिरंगाईनेही केली आहे.

पडताळणी प्रवेशाआधी, फीचा पहिला रुपया घेण्यापूर्वी झाली पाहिजे. शंका आली तर उमेदवाराला लेखी विचारावे, त्याचे म्हणणे ऐकावे आणि ठरलेल्या दिवसांत निकाल द्यावा. दाखला खोटा निघाल्यास तो कुठल्या टेबलावरून निघाला याची नोंद त्याच निकालात असावी. रिकामी झालेली जागाही त्याच वर्षी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या मुलीला मिळावी. वर्ष उलटल्यावर तिला त्या जागेचा काय उपयोग?