इसमाला लाच घेता येत नाही

गल्लीतली पोरं हमीभावाच्या तूर खरेदी केंद्रावर एकांकिका बसवताहेत. मुंबईहून संहितेचं प्रमाणपत्र आलं, एक ओळही न कापता. तरी परवा तोंडं पाडून माझ्या ओट्यावर बसलेली.

"आता काय झालं?"

"नाना, वरून सेन्सॉर झालं. गावातलं राहिलंय ना!"

तालमीला समाजमंदिर मिळालं, पण किल्ली ज्यांच्याकडे आहे ते रोज खुर्ची टाकून ऐकतात. म्हणाले, सरपंच नको, निवडणूक तोंडावर आहे. पोरांनी सरपंचाचा पाटील केला. पण पाटलांच्या वाड्यावरून वर्गणी यायची होती, म्हणून पाटलाचा कारभारी झाला. आमच्याकडे बायका नवऱ्याला कारभारी म्हणतात. शेतकऱ्याच्या बायकोचं काम करणारा मिसरूडवाला "कारभारी, काटा नीट धरा" म्हणाला की तालीम हसून आडवी. तेही गेलं. आता त्या पात्राचं नाव 'एक इसम' आहे. पण इसमाला लाचही घेता येत नाही, कारण बघणाऱ्याला कुणाची तरी आठवण होईल. आडत्याचा प्रवेश तर मुळातूनच उडाला. मांडव आडत्यांचा आहे.

1972 साली 'सखाराम बाइंडर'ला परिनिरीक्षण मंडळाने आधी 32 ठिकाणी कात्री सांगितली, मग प्रयोगच बंद केले. नाटकाचे दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले, जिंकले, वर 'बाइंडरचे दिवस' हे पुस्तक लिहून सगळं नोंदवून ठेवलं. आमच्या भागात निजामाच्या राज्यात गश्ती निशान 53 होतं, साध्या सभेलाही आधी परवानगी काढा. पण तो निदान कागदावरचा हुकूम. सारंगांना कोर्टात जाऊन भांडता तरी आलं. या पोरांनी कुणावर दावा लावायचा, समाजमंदिराच्या किल्लीवर?

एका प्रवेशाला मात्र कुणी हात लावला नाही: ओलावा मोजण्याच्या. ओलावा बारा टक्क्यांवर गेला की तूर परत. (घसरलो तुरीवर. ही खोड तुम्हाला ठाऊक आहे, आणि बदनापुरात राहून तुरीवर घसरायचं नाही तर कशावर? इथल्या संशोधन केंद्राची बीडीएन 711 अर्ध्या मराठवाड्याला माहीत आहे.) पोरगं पोत्यात वरच्यावर हात घालून मूठ काढत होतं. मागे तंबाखू मळत बसलेले एक आजोबा उठले. "कामून रे, तूर कधी घातली का केंद्रावर? वरची वाळलेली असती. तो नळी खुपसून तळातली काढतो." मग वाळवायची कुठं, पाल कोण देतं, रात्री डुकरं कशी हाकायची, वाळल्यावर पोत्यामागं किती घट येते आणि ती कुणाच्या माथी, सगळं त्यांनी उभ्यानं करून दाखवलं. पोरं वहीत उतरवून घेत होती. किल्लीवाल्यांनीही खुर्ची पुढे ओढली. त्यांचीही चार पोती मागच्या साली परत आली होती.