बाजाराची मोजपट्टी

जाहिरातीचा प्रभाव मोजण्यासाठी मक्तेदार कंपन्या ग्राहकांची पाहणी करतात. १९८५ साली कोका-कोलाने अमेरिकेत सुमारे दोन लाख लोकांना चव विचारून नवे पेय आणले. ७९ दिवसांत जुने परत आणणे भाग पडले. जुने बंद झाले तर चालेल काय, हे चव-चाचणीत विचारलेच नव्हते.

पण मूळ दोष याहून खोल आहे. ही पाहणी केवळ विकत घेणाऱ्याला विचारते. केरळात प्लाचिमडा येथे ज्यांच्या विहिरी नासल्या, त्या आदिवासी स्त्रिया तिच्या हिशेबात नव्हत्याच. त्यांनी लढा दिला, २००४ साली कारखाना बंद पडला. २०१० साली राज्य सरकारच्या समितीने नुकसान २१६ कोटी रुपयांवर ठरविले. बाजार जे मोजत नाही, ते संघटित जनतेलाच मोजायला लावावे लागते.