गॅसची तार की फ्लक्सची तार?



अमेरिकेत कित्येक शिक्षक, कारकून आणि डॉक्टरसुद्धा सुट्टीच्या दिवशी घराच्या गॅरेजमध्ये लोखंड जोडत बसतात. फाटकाची तुटलेली बिजागरी, बागेतला बाक, मोटारीचा गंजलेला पत्रा अशी कामे ते स्वतः करतात. ह्या छंदामागे शाळेचा हात आहे. १९१७ साली तिथल्या काँग्रेसने स्मिथ-ह्यूज कायदा केला आणि शेती व कारागिरी शिकवणाऱ्या शाळांना केंद्र सरकारचा पैसा मिळू लागला. पुढे शेतकऱ्यांची मुले शाळेच्या कार्यशाळेतच शेतीची अवजारे दुरुस्त करायला शिकली. १९३६ साली लिंकन आर्क वेल्डिंग फाउंडेशन निघाले. त्याने वेल्डिंगची पुस्तके छापली आणि विद्यार्थ्यांच्या कामाला बक्षिसे दिली.

ह्या गॅरेजवाल्यांमध्ये एक वाद कायम चालतो : घरच्या कामाला गॅसची तार चांगली की फ्लक्सची? आपल्या बेटावरही तारेची वेल्डिंग यंत्रे आता घरोघरी येऊ लागली आहेत, तेव्हा हा वाद आपणही समजून घ्यावा.

मूळ अडचण हवेची आहे. वितळलेले लोखंड उघडे राहिले तर हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन त्यात शिरतात. मग सांध्यात भोके पडतात आणि तो ठिसूळ होतो. म्हणून थंड होईपर्यंत त्याला झाकून ठेवावे लागते. हे झाकण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिल्या मार्गात तार भरीव असते आणि तिच्याभोवती सिलिंडरमधला गॅस सोडतात. ही पद्धत १९४८ साली ओहायो राज्यातील कोलंबस शहरी बॅटेल संस्थेत तयार झाली. सुरुवातीला ती ॲल्युमिनियमसाठी होती. पुढे स्वस्त कार्बन डायऑक्साइड वापरता येऊ लागला तशी ती लोखंडाच्या कामात पसरली. आज गॅरेजमध्ये बहुधा ७५ टक्के आर्गॉन आणि २५ टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण वापरतात.

दुसऱ्या मार्गात तार पोकळ असते आणि तिच्या पोटात फ्लक्सची भुकटी भरलेली असते. जुन्या वेल्डिंगच्या कांडीवर जे लेपन बाहेरून असते, तेच इथे आत गेले आहे असे समजा. जळताना भुकटीतून गॅस निघतो आणि सांध्यावर मळीचा थर जमतो, म्हणून सिलिंडर लागत नाही. क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिक कंपनीने १९५८ साली अशी तार बाजारात आणली. फ्लक्स आणि गॅस दोन्ही लागणारी तारही असते, पण ती मुख्यतः कारखान्यांत चालते.

फ्लक्सवाले म्हणतात, सिलिंडर नको, रेग्युलेटर नको, खर्च कमी. गॅसवाले म्हणतात, आमचा सांधा स्वच्छ, शिंतोडे थोडे, मळी ठोकून काढायला नको. दोघांचेही खरे आहे. तरीही माझे मत असे की शिकणाऱ्याने सुरुवात गॅसच्या तारेने करावी, आणि काम उघड्यावर गेले की फ्लक्सची तार हाती घ्यावी. त्यासाठी दोन्ही तारा चालवणारे यंत्र घेणे शहाणपणाचे आहे, भले ते थोडे महाग पडो.

ह्या मताला कारण आहे. अध्यापनशास्त्राचा पहिला धडा असा की विद्यार्थ्याला आपली चूक लगेच दिसली पाहिजे. गॅसच्या तारेने वितळलेले लोखंड काचेतून स्पष्ट दिसते. हात घाईने गेला की रेषा बारीक होते, रेंगाळला की पत्र्याला भोक पडते. फ्लक्सच्या तारेत धूर जास्त असतो आणि वितळलेली मळीही लोखंडाबरोबर वाहते. नवख्याला मळी कोणती आणि लोखंड कोणते हेच कळत नाही. शिवाय मोटारीच्या पातळ पत्र्याला गॅसबरोबरची बारीक भरीव तार अधिक मानवते.

परंतु वारा आला की गॅसचे काही चालत नाही. अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या इमारतींसाठीच्या नियमात गॅसच्या कामाला वाऱ्याची मर्यादा ताशी ५ मैल, म्हणजे सुमारे ८ किलोमीटर, घातलेली आहे. झाडाची पाने सळसळतात, एवढाच तो वारा. आपल्याकडे आग्नेयेचा वारा त्याहून किती जोरात वाहतो हे सांगायला नको. तेव्हा अंगणातल्या फाटकाला किंवा छपराच्या कैचीला फ्लक्सचीच तार घ्यावी.

तार बदलताना यंत्रातही बदल करावे लागतात. भरीव तारेला गन धन टोकाला जोडतात, बिनगॅसच्या फ्लक्स तारेला ऋण टोकाला. फक्त रीळ बदलून काम सुरू केले तर शिंतोडे उडतात, सांधा खराब होतो आणि दोष मात्र तारेला मिळतो. पोकळ तार चेपू नये म्हणून तिला खाचेरी चाके लावतात. फ्लक्सचे काम करताना गन मागे ओढत न्यावी. म्हणजे मळी मागे राहते, सांध्यात अडकत नाही.

आता मुख्य गोष्ट. दोन्ही तारा फसवतात, फक्त रीत वेगळी. लहान यंत्राने जाड लोखंडावर गॅसची तार चालवली तर वर सुंदर रेषा उमटते, पण खालचे लोखंड वितळलेलेच नसते. भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा तो सांधा असतो. म्हणूनच त्या सोसायटीच्या नियमात कमी विजेवरच्या ह्या पद्धतीला चाचणीशिवाय आपोआप मान्यता नाही.

फ्लक्सच्या तारेचा धडा कॅलिफोर्नियाने घेतला. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे भूकंप झाला. पोलादी चौकटीच्या इमारती उभ्या राहिल्या, म्हणून लोक निश्चिंत होते. नंतर भिंतींची आवरणे काढली तेव्हा शंभराहून अधिक इमारतींत तुळई आणि खांब यांच्या सांध्यांना तडे सापडले. त्यातले बरेच सांधे ई-७०-टी-४ नावाच्या बिनगॅसच्या फ्लक्स तारेने केलेले होते. ती तार काम भराभर उरकत असे, पण धक्का सोसण्याची कसोटी तिला लावलेली नव्हती. सांध्याची रचना आणि काम करण्याची रीत यांतही दोष होते, सगळे खापर तारेवर फोडता येणार नाही. त्यानंतर भूकंपाच्या प्रदेशात अशा सांध्यांसाठी कसोटीला उतरलेलीच तार वापरण्याचा आग्रह सुरू झाला. फ्लक्सच्या तारेवर बंदी आली नाही. कसोटीला उतरलेल्या बिनगॅसच्या तारा आजही तिथे चालतात.

ह्यावरून घरच्या कारागिराने शिकावे असे की रिळावरचा क्रमांक वाचल्याशिवाय तार घेऊ नये. दुकानांत मिळणाऱ्या फ्लक्सच्या काही रिळांवर ई-७१-टी-जीएस असे लिहिलेले असते. ती तार एकाच थराच्या कामासाठी आहे. थरावर थर द्यायचे असतील तर ई-७१-टी-११ सारखी तार हवी. दोन्ही दिसायला सारख्याच.

आरोग्याचेही बोलले पाहिजे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरला. फ्लक्सचा धूर जास्त म्हणून गॅसवाल्याने निर्धास्त राहू नये. तो वारा लागू नये म्हणून दारे लावून घेतो आणि धूरही आपल्याबरोबरच कोंडतो. दार उघडे असावे, धूर तोंडासमोरून न जाता बाजूने जावा, आणि धुरासाठीचा खरा मास्क बुरख्याच्या आत असावा. जस्त चढवलेल्या पत्र्यावरचे जस्त जोडाच्या जागी आधी घासून काढावे, नाहीतर रात्री थंडी वाजून ताप भरतो. ब्रेक धुण्याच्या क्लोरीनयुक्त द्रवाने लोखंड कधीही पुसू नये. आर्कच्या उजेडात त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

अमेरिकेतल्या नातलगाकडून यंत्र मागवणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तिथे घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. फक्त तिकडच्या विजेसाठी केलेले यंत्र इथे थेट लावले तर ते जळेल. यंत्रावरची पाटी वाचूनच मागवावे.

शेवटी कसोटीविषयी. यंत्र कोणतेही असो, कामाच्या लोखंडाइतक्याच जाडीचे दोन तुकडे घ्यावे, एकावर दुसरा उभा ठेवून एकाच बाजूने जोडावा, मग उभा तुकडा हातोड्याने जोडाच्या बाजूला पाडावा. सांधा मुळाशी नुसता सुटून आला आणि खालचे लोखंड पूर्वीसारखेच गुळगुळीत दिसले, तर यंत्राची वीज किंवा हाताची चाल बदलावी आणि पुन्हा जोडून पुन्हा मोडावे. असे तुकडे मोडण्यात लोखंड वाया जाते ही तक्रार मी मानत नाही. विद्यार्थी वही भरतो ती फेकायलाच भरतो, पण अक्षर त्याच्या हातात राहते.

आणि ही कसोटी पार केली तरी ट्रेलरचा आकडा, मोटारीखाली लावायचा जॅक, मुलांचा झोपाळा आणि गच्चीचा कठडा ही कामे शिकाऊ हाताने करू नयेत. ती जाणत्या कारागिराला पैसे देऊन करून घ्यावीत. तिथे सांधा सुटला तर माणूस पडतो. गॅस की फ्लक्स हा वाद घालणाऱ्या तरुणांनी आधी आपण मोडून पाहिलेले तुकडे दाखवावेत, एवढीच माझी विनंती आहे.