शब्द एक, उपयोग अनेक : डिटीरिअरेट

या वेळी आपण असा शब्द घेऊ या, जो रजेच्या अर्जात, दवाखान्यात आणि शाळेच्या निबंधात सारखाच लागतो. ‘डिटीरिअरेट’ म्हणजे खालावणे, ढासळत जाणे. मूळ लॅटिन भाषेत ‘डिटीरिअर’ म्हणजे ‘अधिक वाईट’. त्यामुळे ‘वाईट’ हा अर्थ शब्दाच्या पोटातच आहे. ‘डिटीरिअरेटेड वर्स’ म्हणण्याची गरज नाही. आणखी खालावली असे सांगायचे असेल तर ‘डिटीरिअरेटेड फर्दर’ म्हणावे. उच्चार पाच तुकड्यांत करावा : डि-टी-रि-अ-रेट. पुष्कळजण मधला एक तुकडा गिळून ‘डिटीरिएट’ म्हणतात, ते टाळावे.

आता मुख्य मुद्दा. आखातात नोकरी करणारा मुलगा अर्जात लिहितो, ‘माय फादर्स हेल्थ इज डिटीरिअरेटेड.’ अब्बांची तब्येत बरी नाही एवढे साहेबांना समजते. पण ती कधीपासून खालावली आणि अजून खालावतेच आहे का, हे समजत नाही. रजा आज द्यायची की पुढच्या महिन्यात, हे तर त्यावरच ठरते. म्हणून काळ नीट निवडावा.

‘हिज हेल्थ इज डिटीरिअरेटिंग’ म्हणजे सध्या खालावत चालली आहे.

‘हिज हेल्थ हॅज डिटीरिअरेटेड सिन्स मंडे’ म्हणजे सोमवारपासून खालावली आहे, आजही पूर्वीपेक्षा वाईट आहे.

‘हिज हेल्थ हॅज बीन डिटीरिअरेटिंग फॉर टू वीक्स’ म्हणजे दोन आठवडे सतत खालावते आहे.

‘हिज हेल्थ डिटीरिअरेटेड लास्ट विंटर’ म्हणजे मागच्या हिवाळ्यात खालावली होती. आज कशी आहे, ते यातून कळत नाही.

‘सिन्स’नंतर सुरुवातीचा दिवस किंवा वेळ येते, ‘फॉर’नंतर किती काळ ते येते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट. आपण मराठीत ‘तब्येत खालावली’ म्हणतो, ‘तापाने अब्बांना खालावले’ असे म्हणत नाही. इंग्रजीतही हा शब्द तसाच चालतो. शब्दकोशांत वेगळा वापर क्वचित सापडेल, पण रोजच्या भाषेत ‘द रेन डिटीरिअरेटेड द वॉल्स’ कानाला खटकते. ‘द रेन डॅमेज्ड द वॉल्स’ म्हणावे, किंवा ‘द वॉल्स डिटीरिअरेट एव्हरी मान्सून’, म्हणजे दर पावसाळ्यात भिंती खराब होत जातात.

हातातून पडलेला कप ‘डिटीरिअरेट’ होत नाही, तो फुटतो. तिथे ‘ब्रोक’ हवे. हा शब्द मुख्यतः हळूहळू होणाऱ्या बिघाडाचा आहे. प्रकृती एकाएकी ढासळली तर सोबत ‘सडनली’ जोडावे. साधी बोलाचाली वाढत जाऊन भांडणावर आली, तर पुढे ‘इंटू’ येते : ‘द डिस्कशन डिटीरिअरेटेड इंटू अ क्वारल.’

डॉक्टरांशी बोलताना हा शब्द एकटा सोडू नये. पूर्वी काय जमत होते आणि आता काय जमत नाही, तेही सांगावे : ‘लास्ट वीक ही कुड वॉक टू द मशीद. नाऊ ही कॅननॉट क्लाइम्ब द स्टेअर्स.’ मागच्या आठवड्यात मशिदीपर्यंत चालत जाणारे अब्बा आता जिनाही चढू शकत नाहीत, हे ऐकल्यावर किती दिवसांत किती फरक पडला ते डॉक्टरांना लगेच कळते.

घरातील मुलांना सोबत घेऊन ही तीन वाक्ये इंग्रजीत करून पाहा :

१. अम्मींची नजर दोन वर्षांपासून अधू होत चालली आहे.
२. आमच्या गल्लीतला रस्ता मागच्या पावसाळ्यात खराब झाला.
३. खेळता खेळता मुलांची मारामारी जुंपली.

पहिल्या वाक्यात ‘फॉर’ येईल, तिसऱ्यात ‘इंटू’. दुसऱ्यात कोणता काळ वापरायचा, ते आता आपणच ठरवा.