सुई, धोटा आणि रविवार

मागच्या महिन्यात आमच्या ऑफिसात 'वेलनेस वीक' साजरा झाला. (आठवडाभर वेलनेस आणि त्याच शुक्रवारी रात्री रिलीज. असो.) त्यात एक तासाचं भरतकामाचं सेशन होतं. प्रत्येकाला एक छोटा डबा मिळाला. त्यात लाकडी रिंग, रिंगेत आधीच ताणून बसवलेलं कापड, कापडावर छापलेलं कमळ, सहा रंगांचे दोरे आणि सुई ओवायची ती पत्र्याची चकती. शिकवणाऱ्या बाई फार गोड आवाजात सांगत होत्या, श्वास घेताना सुई वर, सोडताना सुई खाली, मनातले सगळे विचार दोऱ्यातून कापडात जाऊ द्या. माझ्या शेजारी बसलेल्या टेस्टिंगवाल्या मित्राने चौथ्याच टाक्याला बोट टोचून घेतलं आणि जो शब्द उच्चारला तो काही वेलनेसमध्ये बसणारा नव्हता.

मी मात्र गुपचूप साखळी टाका घालत बसलो होतो. कुणीतरी विचारलं, "तुला कसं काय येतं रे?" म्हटलं, "भिवंडीचा आहे." सगळे हसले. भिवंडी म्हटलं की लोकांना हल्ली दोनच गोष्टी आठवतात, ट्रॅफिक आणि गोडाऊन. आपलं पार्सल रात्री जिथे मुक्कामाला असतं ते गाव! पण आमच्या लहानपणी भिवंडी म्हणजे एक आवाज होता. खटक-फटक, खटक-फटक. कामतघरला आमच्या खोलीची मागची भिंत आणि मागाच्या शेडची भिंत एकच होती. रात्रपाळी चालू असली की मांडणीवरचे पेले हलके हलके वाजायचे. मी बारावीचा सगळा अभ्यास त्या ठेक्यावर केला. वीज गेली की अख्ख्या गल्लीत एकदम शांतता पसरायची आणि तान्ही पोरं दचकून उठायची. खोटं वाटेल, पण खरं आहे.

तर मुद्दा असा, की ज्या गावात कापड तयार होतं तिथे "धागा हातात घेतला की मन शांत होतं" हे वाक्य कुणाला ऐकवलं तर तो माणूस तुमच्याकडे काळजीने बघेल. माझे बाबा जॉबर होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. धोटा उडाला, पट्टा तुटला, माग आपोआप थांबायला लागला की जॉबरला हाक. खाली शेडमध्ये एकेक कामगार सहा-सहा माग सांभाळायचा, बारा तासांची पाळी आणि पगार मीटरवर. ताण्यातला एक धागा तुटला की माग थांबवायचा, तुटकं टोक शोधायचं, गाठ मारायची, पुन्हा सुरू. धागा तुटणं म्हणजे पैसे तुटणं. आवाज इतका, की माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. बाबांचा उजवा कान पन्नाशीतच गेला, डावा अर्धा आहे. सूत आणि मनःशांती यांचा संबंध त्यांच्या आयुष्यात कधी आलाच नाही.

हा धंदा या गावात आला कसा हीही एक गोष्टच आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून निघालेली मोमीन-अन्सारी विणकर कुटुंबं हातमाग घेऊन इथे आली, पुढे तेलंगणातून पद्मशाली आले. पद्मानगरात आजही घरात तेलुगू आणि नाक्यावर हिंदी-मराठी चालते. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, गिरण्या बसल्या त्या बसल्याच, आणि त्यांचं बरंचसं कापड भिवंडीच्या मागांवर निघायला लागलं. मुंबईतला मराठी कामगार देशोधडीला लागला आणि इथे नवीन शेड उभ्या राहिल्या. आमचं घर त्याच लाटेवर उभं राहिलं, त्यामुळे त्या संपाबद्दल मी चारचौघांत फार तावातावाने बोलत नाही.

आता तेही दिवस गेले. बाबा ज्या शेडमध्ये होते तिथले माग काही वर्षांपूर्वी किलोच्या भावाने भंगारात गेले. बाबा घरी बसले. आणि त्यांची झोप उडाली. चाळीस वर्षं खडखडाटात झोपलेला माणूस शांततेत जागा राहायला लागला. रात्री दोनला उठून ओट्यावर बसायचे. हात सारखे काहीतरी चाचपायचे, चादरीची दशी, बनियनची शिवण. डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी गोळ्या दिल्या, त्या अजूनही चालू आहेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी गोळ्या बंद करून सुई हातात घेऊ नये.

आई दर हिवाळ्याआधी गोधडी घालते. तिच्या लेखी हे भरतकाम वगैरे नव्हे, घरातलं काम. वर एक धड लुगडं किंवा साडी, खाली दुसरी, मध्ये जुनी धोतरं, फाटक्या चादरी, डागी कापडाचे तुकडे. सगळं जमिनीवर पसरायचं, सुरकुत्या हाताने काढायच्या, चार कोपऱ्यांवर वजन म्हणून पाटा-वरवंट्यापासून साखरेच्या डब्यापर्यंत काहीही. मग कडेने धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनात चौकोन करत आत आत जायचं. एवढंच. नक्षी-बिक्षी काही नाही. पण पूर्ण झालेल्या गोधडीवर उन्हात तिरपं बघितलं, तर शेताच्या नांगरटीसारख्या ओळी दिसतात.

त्या वर्षी आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, सुई ओवता येईना. म्हणून बाबांना हाक गेली. "अहो, जरा एवढं ओवून द्या." बाबांनी ओवून दिली. दोरा कमी पडला तेव्हा कुठूनतरी जुनी कांडी शोधून काढली, तिच्यावरचं उरलेलं सूत चार पदरी करून मांडीवर पीळ दिला. दोरा मध्येच तुटला तर त्यांनी जी गाठ मारली ती आईला दिसलीच नाही, इतकी बारीक. मागावरची गाठ! चाळीस वर्षं घाईघाईत मारलेली गाठ ते पहिल्यांदाच सावकाश मारत होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा मी लॅपटॉप उघडून शेजारी कॉलवर होतो.

तिसऱ्या दिवशी आई दुपारी आडवी झाली होती तेव्हा बाबा स्वतःच टाके घालत बसलेले दिसले. मला बघून जरा ओशाळले. म्हणाले, "टाइमपास." मग चष्मा वर करून आईच्या ओळीकडे बोट दाखवत म्हणाले, "हिचे पिक बघ किती कमी आहेत. असलं कापड मी पास केलं नसतं." (पिक म्हणजे इंचाला किती आडवे धागे, मागवाल्यांचं माप. बायकोच्या गोधडीचं क्वालिटी कंट्रोल करणारा माणूस जगात एकच असावा.) आईने झोपेतूनच उत्तर दिलं, "मग घाला की तुम्ही दाट." त्यांनी घातले. ती गोधडी अर्धी विरळ आणि अर्धी दाट आहे, आणि मी तीच पांघरतो.

रात्री ते अजून उठतातच. पण आता उठले की गोधडी मांडीवर घेतात, दोन ओळी घालतात, आणि बऱ्याचदा तिथेच भिंतीला टेकून डोळा लागतो. याला 'हीलिंग' म्हणायचं का? कान परत आला नाही, साखर उतरली नाही. हात मात्र आता चादर चाचपत नाहीत.

माझ्यातला इंजिनिअर लगेच पुरावा शोधायला गेला. विणकामावर २०१३ साली ब्रिटनमधल्या व्यवसायोपचाराच्या एका जर्नलमध्ये एक पाहणी आली होती, जगभरच्या साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांची. जे जास्त वेळा विणतात ते जास्त शांत वाटतं असं सांगतात, हा तिचा सारांश. छान. पण विचारलं कुणाला? ज्यांना विणायला आवडतं त्यांनाच! ज्यांनी कंटाळून सुया माळ्यावर टाकल्या ते यात नाहीतच. आमच्याकडे असला टेस्ट डेटा आणला तर लीड हाकलून देईल. म्हणजे पाहणी खोटी आहे असं नाही, पण तिच्या जोरावर डबे विकू नयेत एवढंच.

मला त्या पाहणीपेक्षा एका माणसाची गोष्ट जास्त पटते. मेजर अॅलेक्सिस कॅसडागली, ब्रिटिश अधिकारी, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचा कैदी. वेळ जाता जाईना म्हणून १९४१ मध्ये त्याने कॅनव्हासच्या तुकड्यावर भरतकाम सुरू केलं, दोरा कुठला तर विरलेल्या स्वेटरचा उसवलेला. स्वतःचं नाव, छावणीचं नाव, तारीख, चार चिन्हं आणि भोवती ठिपके-रेघांची साधीशी किनार. जर्मनांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते प्रदर्शनात मांडलं, एक नव्हे, त्याला हलवलं त्या चारही छावण्यांत. ती किनार मोर्स कोड होती. एकीत राजाला देव दीर्घायुष्य देवो, आणि दुसरीत हिटलरला चार अक्षरी शिवी :-) त्याला ते टाके घालताना किती मजा आली असेल! शांती मिळाली असेल तर ती कमळावर श्वास मोजून नक्कीच नाही. सगळं आयुष्य दुसऱ्याच्या ताब्यात असताना हातभर कॅनव्हासवर काय येणार हे तो एकटा ठरवत होता.

इथे माझं त्या वेलनेसवाल्या बाईंशी भांडण आहे. त्या म्हणतात सुईत जादू आहे. तसं असतं तर मुंबईत खाटल्यासारख्या चौकटीभोवती मांडी घालून, ट्यूबलाइटखाली जरदोजी करणारे कारागीर देशातले सर्वांत सुखी लोक असते. ते दिवसभर तेच करतात, सुई वर, सुई खाली. पाठ जाते, डोळे जातात. (आणि ते बहुतेक पुरुष असतात बरं का. भरतकाम बायकांचं असं म्हणणाऱ्यांनी हे बघावं. पैसे मिळतात तिथे पुरुष, आणि फुकट करायचं तिथे आई.) आमच्याच क्षेत्रातलं बघा. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम अक्षरशः विणलेला होता. तार चुंबकीय कड्यातून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. कारखान्यात बसून बायकांनी ती तार एकेका कड्यातून ओवली. एक कडं चुकलं तर प्रोग्रामच चुकला. त्या मेमरीला इंजिनिअर लोकांनी गमतीत नाव काय दिलं होतं, तर 'म्हाताऱ्यांची मेमरी'. त्या बायका संध्याकाळी घरी जाऊन "आज फार रिलॅक्स वाटलं" म्हणाल्या असतील असं मला वाटत नाही.

म्हणजे हालचाल तीच, सुई तीच. बाबांनी चाळीस वर्षं मारलेली गाठसुद्धा तीच. फरक एवढाच, की आता धागा तुटला तर कुणाचंही काहीही थांबत नाही.

हे मला कळलं ते स्वतः माती खाल्ल्यावर. बाबांचं बघून मीही घरी सुरुवात केली. रिंग आणली, दोरे आणले. आणि पहिल्याच आठवड्यात एक एक्सेल शीट केली! रोज किती मिनिटं, किती टाके, तीस दिवसांत एक कुशन कव्हर. बाराव्या दिवशी मी दोन टाके मागे होतो आणि रात्री साडेअकराला ऑफिसची कामं संपवून 'बॅकलॉग' भरून काढायला बसलो होतो. मान आखडलेली, आणि हातात गुलाबाचं पान. मीटरवर पगार घेणारा माणूस निदान पगार तरी घेत होता, मी तर फुकटात स्वतःचा मुकादम झालो होतो. शीट डिलीट केली. कव्हर अजून अर्धं आहे. त्यावरच्या एका फांदीला पानं नाहीत, आणि आता ती तशीच बरी दिसते.

म्हणून माझं मत विचाराल (कुणी विचारलेलं नाही, पण रविवार आहे) तर तो डबा विकत घेऊ नका. छापील कमळ तर नकोच, ते दुसऱ्याचं आहे. घरात आईची, आजीची एखादी विरलेली साडी असेल, नसेल तर स्वतःचे कॉलेजचे टी-शर्ट असतील. एक जाड सुई, दोरा, आणि धावदोरा, जो कुणालाही पाच मिनिटांत येतो. फोटो टाकायचा नाही, मोजायचं नाही, कुणाच्या वाढदिवसाला द्यायचं ठरवून तारीख पक्की करायची नाही. आणि जमल्यास शेजारी कुणीतरी असावं. गोधडी घालताना आई आणि बाबा जेवढं बोलतात तेवढं मी त्यांना आयुष्यात बोलताना ऐकलेलं नाही. म्हणजे आई बोलते. बाबा डावा कान तिच्याकडे करून बसतात.

काल शनिवारी घरी गेलो. कल्याण नाक्यावर नेहमीप्रमाणे पाऊण तास गेला. पोचलो तेव्हा जमिनीवर नवीन गोधडी पसरलेली होती, कोपऱ्यावर माझा जुना लॅपटॉप वजन म्हणून ठेवलेला. वरच्या साडीच्या खाली मध्येच निळं काहीतरी डोकावत होतं. ओढून बघितलं तर बाबांचा शेडमधला शर्ट. ग्रीसचे डाग तसेच. म्हटलं, "आई, हा कशाला घातलास आत?" ती म्हणाली, "मी नाही रे, त्यांनीच ठेवला. म्हणाले, जाड आहे, ऊब येईल."