बिल भरलं, पण फिटलं का?

क्रेडिट कार्डाचं बिल मोबाइलवर उघडलं की दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. एकूण देय 50,000 रुपये, किमान देय 2,500. मुलांच्या शाळेची फी नुकतीच भरलेली असते, पगाराला आठवडा असतो. बोट लहान आकड्याकडे वळतं. रक्कम जमा झाल्याचा मेसेज येतो, उशिराचा दंड लागत नाही, खातं थकीतही दिसत नाही. घरात सगळ्यांचा समज एकच, की बिल भरलं.

हा समज फार महागात पडतो. कार्डाच्या बाकीवर महिन्याला साडेतीन टक्के व्याज सर्रास लागतं, म्हणजे वर्षाला 42 टक्के. 50,000 वर महिन्याचं व्याज 1,750 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटीचे 315. ढोबळ हिशेब केला तर भरलेल्या 2,500 पैकी 2,065 रुपये यातच गेले; बाकी कमी झाली फक्त 435 रुपयांनी. शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. मग कार्डावर भरलेल्या किराण्यावर पहिल्या दिवसापासून व्याज चढू लागतं.

सावकाराच्या दारात जायची वेळ येऊ नये म्हणून मध्यमवर्गीय घरं पै-पै वाचवतात. पण महाराष्ट्रात 2014 मध्ये परवानाधारक सावकारांसाठी ठरलेला विनातारण कर्जाचा दर बिगरशेतकऱ्यांना वर्षाला 18 टक्के आहे. मुद्दलापेक्षा जास्त व्याज घ्यायचं नाही, हा दामदुपटीचा नियमही त्यांना लागू आहे. अवैध सावकारी यापेक्षा कितीतरी क्रूर असते, हे खरंच. तरीही कायद्याने सावकाराला घातलेलं हे कुंपण कार्ड देणाऱ्या बँकेभोवती नाही.

कार्डाच्या बाकीवर 30 टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो निर्णय रद्द केला. आता ग्राहकाने बघायचं ते रिझर्व्ह बँकेकडेच.

दुसरीकडे, याच घरांत सात टक्क्यांची मुदत ठेव असते. आजारपणासाठी राखलेली ती ठेव मोडायला जीव होत नाही. ही भीती समजण्यासारखी आहे, पण 50,000 च्या ठेवीवर वर्षाला 3,500 रुपये मिळत असताना तेवढ्याच बाकीवर सुमारे 21,000 जात असतील, तर ठेव मोडून कार्ड फेडणंच शहाणपणाचं. निदान बँकेकडून वैयक्तिक कर्ज घेऊन ही बाकी मिटवावी. त्याचा दर सहसा कार्डाच्या दराच्या निम्म्याहून कमी असतो.

फक्त किमान रक्कम भरल्यास परतफेड महिनोन्‌महिने लांबते, असा इशारा बिलावर छापण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने 2022 च्या निर्देशांत केली आहे. पण ती ओळ सगळ्यांसाठी सारखीच, मोघम. अमेरिकेत 2009 च्या कायद्यानुसार प्रत्येकाच्या बिलावर त्याचा स्वतःचा हिशेब असतो: किमान रक्कमच भरत राहिलात तर किती वर्षं लागतील, एकूण किती पैसे जातील आणि तीन वर्षांत मोकळं व्हायचं तर दरमहा किती भरावे लागतील. आपल्या बँकांकडे हा हिशेब करणारे संगणक आहेत. रिझर्व्ह बँकेने तो एकूण देय रकमेच्या शेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापायला लावावा आणि तोही ग्राहकाच्या भाषेत.