ताई शिकतेय, की नुसतीच सांभाळतेय?

‘होमस्कूलिंग’ हा शब्द पंधरा-वीस वर्षांपूर्वी आपल्यापैकी फारशा कुणाच्या कानावरून गेला नव्हता. आता तो पैठणसारख्या गावातही हळदीकुंकवाच्या गप्पांत निघतो. मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं, म्हणजे घरशाळा! त्याला दोन गोष्टी कारण झाल्या. एक म्हणजे २०१६ मधली मुंबईच्या मालविका जोशीची बातमी. तिच्या आईनं तिला सातवीत असताना शाळेतून काढलं, स्वतःची नोकरी सोडली आणि घरीच अभ्यासक्रम आखून शिकवलं. हातात दहावी-बारावीचं प्रमाणपत्र नसल्यानं आयआयटीचं दार काही उघडलं नाही. पण संगणकाच्या ऑलिंपियाडमधल्या तीन पदकांच्या जोरावर ही सतरा वर्षांची मुलगी थेट अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. दुसरी गोष्ट म्हणजे २०२० चा करोना. मार्चमध्ये शाळांना कुलूप लागलं आणि घराघरांत आयांच्या हाती खडू आला, ज्यांनी मागितला नव्हता त्यांच्याही!

तेव्हापासून मला आमच्या बचत गटाच्या बैठकांत एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘‘ताई, माझा मुलगा दुसरीत, मुलगी सहावीत. दोघांना एकत्र बसवून घरी शिकवता येईल का हो?’’ प्रश्न साधा वाटतो, पण त्याच्या पोटात बरंच काही दडलेलं आहे. म्हणून आज जरा सविस्तर.

मैत्रिणींनो, लहान-मोठ्या भावंडांनी एकत्र शिकणं ही काही अमेरिकेतून आलेली कल्पना नाही. त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या पैठणच्याच मातीतून चालत गेलेलं आहे. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला आली. परंपरेनं ते साल शके १२०९, म्हणजे इ.स. १२८७ मानलं जातं. परंपरेतलेच जन्मशक धरले तर तेव्हा निवृत्तीनाथ चौदा, ज्ञानेश्वर बारा, सोपानदेव दहा आणि मुक्ताबाई अवघी आठ वर्षांची! आईवडील गेलेले, मुंज नाही, म्हणून वेदपठणाचा अधिकार नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर कुठल्याच शाळेत प्रवेश नाही. मग थोरला भाऊ धाकट्याचा गुरू झाला. रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा आपण सगळ्याच नागघाटावर ऐकत मोठ्या झालो. पण एका घरातली चार वेगवेगळ्या वयांची मुलं एकाच विचारावर एकत्र वाढली, हा चमत्कार मला जास्त मोठा वाटतो. आणि तिथं ज्ञान फक्त थोरल्याकडून धाकट्याकडे वाहत नव्हतं. रुसून दार लावून बसलेल्या ज्ञानोबांची समजूत सगळ्यात धाकट्या बहिणीनं घातली, ते ‘ताटीचे अभंग’ आपल्याला ठाऊक आहेतच.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. पुढे सगळं कुटुंब तीर्थाटनात गावोगाव फिरत राहिलं आणि त्या फिरस्तीत लक्ष्मीबाईंनी रमाला शिकवलं. सोबत थोरला भाऊ आणि बहीण. ना इमारत, ना फळा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, पण पदरात पडलेली विद्या राहिली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी याच रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. आई शिकलेली होती म्हणून हे घडलं, एवढं मात्र लक्षात ठेवा.

आता प्रत्यक्षात हे जमवायचं कसं? घरशाळा करणारी कुटुंबं एक साधी युक्ती वापरतात. विषय सगळ्यांना एकच, काम मात्र ज्याच्या त्याच्या वयाचं. आपल्या नाथसागराचंच उदाहरण घ्या. आठवडाभर विषय ‘पाणी’. दुसरीतला धाकटा घरातल्या हंड्या-बादल्या मोजेल, रोज किती पाणी लागतं ते लिहील, धरणावर दिसलेल्या पक्ष्यांची चित्रं काढेल. चौथी-पाचवीतली मधली नकाशावर गोदावरी नाशिकपासून पैठणपर्यंत बोटानं चालवत आणेल, धरणाचे २७ दरवाजे कशासाठी ते विचारेल. आठवीतली थोरली पेपरातला साठ्याचा आकडा घेऊन बसेल. जायकवाडीचा जिवंत साठा २,१७१ दशलक्ष घनमीटर. मग आज पेपरात ५० टक्के म्हटलंय, तर पाणी किती? उत्तर येतं १,०८५.५. झालं टक्केवारीचं गणित! मग ती आजोबांना विचारेल, १९६५ मध्ये शास्त्रीजींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये धरण पुरं झालं, तेव्हा पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसं कुठे गेली? रात्री जेवताना तिघांनी एकमेकांना आपलं काम सांगायचं. एकाच विषयात भूगोल, गणित, इतिहास आणि भाषासुद्धा!

पण सगळंच एकत्र होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. गोष्टी, परिसर, इतिहास, कविता, चित्रकला यांत वयाचा अडसर फारसा येत नाही. वाचायला शिकणं आणि गणित यांना मात्र पायऱ्या असतात. ज्याला अजून हातच्याची वजाबाकी येत नाही, त्याला ताईच्या भागाकारापाशी बसवून काय उपयोग? तिथं प्रत्येकाला स्वतंत्र अर्धा-पाऊण तास द्यावाच लागतो. तेवढ्या वेळात बाकीच्यांनी आपापलं काम करायचं. सगळ्यांना एकाच धड्यावर एका सुरात म्हणायला लावलं की थोरली कंटाळते आणि धाकटा नुसता ओठ हलवतो.

करोनाच्या काळात हे आपण पाहिलंच की! २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली. घरात टीव्ही एक, मोबाइल एक आणि पोरं तीन. मग तिसरीतला पाचवीचा भाग बघायचा आणि पाचवीतली तिसरीचा. आमच्या गल्लीतल्या एका चुणचुणीत पोरानं ताईचे धडे ऐकून ऐकून अपूर्णांक आधीच पाठ करून ठेवले होते. आणि ज्या घरात टीव्हीही नव्हता, तिथं मोठ्या बहिणीला जे येत होतं तेवढंच धाकट्यांना मिळालं.

शाळेतसुद्धा ही गोष्ट नवी नाही. आपल्या वाडी-वस्तीवरच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळा द्विशिक्षकी आहेत. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुलं असतील तर शिक्षक दोन. पाच इयत्ता आणि दोन गुरुजी, म्हणजे एका वर्गात दोन-तीन इयत्ता आल्याच. शेजारच्या कर्नाटकानं याच अडचणीतून वाट काढली. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नली-कली’ नावाचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो राज्यभर गेला. पहिली ते तिसरीची मुलं एकत्र गटात बसतात, कार्डांवरून आपापल्या वेगानं पुढे सरकतात, आणि ज्याला येतं तो दुसऱ्याला मदत करतो. आपल्याकडे मात्र २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी मुलांच्या शाळांची समूह शाळा करण्याचा विषय निघाला, तेव्हा पोरांना एकाच वर्गात एकत्र शिकावं लागतं, हेही एक कारण पुढे आलं. एकत्र शिकणं वाईट नाही, पण त्यासाठी शिक्षकाची तयारी करून घ्यावी लागते. आणि लांबच्या शाळेत पाठवायची वेळ आली की घरात आधी कुणाचं दप्तर खुंटीला लागतं? मुलीचंच!

इथंच माझ्या मनातली खरी काळजी येते. पुण्या-मुंबईची आई ‘मी मुलांना घरीच शिकवते’ म्हणते, तेव्हा त्यामागे पुस्तकं, इंटरनेट, वेळ आणि पैसा असतो. आपल्याकडे ‘पोरगी घरीच शिकते’ याचा अर्थ बरेचदा वेगळाच निघतो. दिवाळीच्या आगेमागे मराठवाड्यातून कोयते बाहेर पडतात. पाचटाच्या खोपीत धाकट्यांना सांभाळायला कुणीतरी हवं असतं, म्हणून दहा-बारा वर्षांची थोरली सोबत जाते. मुलांनी गावीच राहून शिकावं म्हणून हंगामी वसतिगृहांची सोय आहे, तरीही अनेक घरांत थोरलीचा हिशेब वेगळाच होतो. एका बाईला मी विचारलं, ‘‘पोरीची शाळा?’’ ती म्हणाली, ‘‘वही-पुस्तक संगंच हाय की ताई, ती बारक्याला बाराखडी शिकवती.’’ बारका बाराखडी शिकत होता, हे खरं. पण ती स्वतः पाचवीतच थांबली होती, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मैत्रिणींनो, दुसऱ्याला शिकवताना आपलं पक्कं होतं हे अगदी खरं. पण थोरली रोज फक्त खालचंच शिकवत राहिली, तर ती वर कधी चढणार? तिच्याही पुढे कुणीतरी असायला हवं. निवृत्तीनाथांनी धाकट्यांना शिकवलं, पण परंपरा सांगते की त्यांना स्वतःला गहिनीनाथ भेटले होते. आपल्या घरातल्या थोरलीचे गहिनीनाथ कोण?

आणि शाळा म्हणजे काही फक्त धडे नव्हेत. दुपारचा पोषण आहार, एसटीचा मोफत पास, मैत्रिणी, बाईंची नजर, हे सगळं शाळेबरोबर येतं. पोरगी चार दिवस दिसली नाही तर विचारणारं कुणीतरी असतं. घरीच राहिलेल्या मुलीची अशी चौकशी कोण करणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळजवळ २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं दिसलं. शेजारच्या बीडमध्ये तर हेच प्रमाण ४० टक्क्यांच्याही वर आहे. शाळेच्या पटावर नाव असणं ही मुलीभोवतीची एक भिंतच आहे. ती आपल्याच हातानं पाडायची का?

कायदा काय म्हणतो तेही बघू. अमेरिकेत सगळ्या राज्यांत घरशाळेला मान्यता आहे, तर जर्मनीत मुलांना शाळेत पाठवणं सक्तीचं आहे. आपला २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांना शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं त्यात म्हटलंय. पण न घातल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही, आणि घरशाळेचा वेगळा उल्लेखही नाही. त्यामुळे घरी शिकवायचंच असेल तर परीक्षेची वाट आधी शोधून ठेवा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवीच्या तोडीच्या पातळ्या आहेत आणि पुढे दहावी-बारावीही करता येते. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. दहावी-बारावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म तर आपल्याला माहीतच आहे. कागद नसेल तर हुशार पोरीलाही दारातच अडवतात. मालविकाला तिच्या पदकांनी तारलं, पण तशी पदकं किती जणींकडे असतात?

आणि आईचं काय? घरशाळेचं कौतुक करताना तिचा दिवस कुणी मोजत नाही. पाणी, स्वयंपाक, सासू-सासरे, शिलाई मशीन, आणि वर दोन इयत्तांचा अभ्यास! बापानं संध्याकाळी तासभर गणित घेतलं तर त्याचं काही कमी होणार आहे का? घरी शिकवायचा निर्णय दोघांचा असेल, तर शिकवणंही दोघांचंच असलं पाहिजे.

म्हणून मला विचाराल तर सांगेन, नाव शाळेतच असू द्या, आणि शाळेनंतरचा एक तास घरशाळेचा करा. विषय एक, वह्या वेगळ्या. ताईनं धाकट्याला अर्धा तास शिकवलं, तर पुढचा अर्धा तास तिचा स्वतःचा; तेव्हा तिला भांड्याला हाक मारायची नाही. महिन्यातून एकदा तिची वही उघडून बघा. मागच्या महिन्यापेक्षा ती पुढे गेली आहे का? नसेल, तर ती शिकत नाहीये, नुसती सांभाळतेय.

तुमच्या गल्लीत, तांड्यावर एखादी मुलगी मधेच सुटली असेल, तर तिला आता पहिलीपासून बसवावं लागेल ही भीती काढून टाका. कायद्यानं तिला वयानुसार वर्गात बसवता येतं, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मिळतं, आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवी पुरी होईपर्यंत तिचा हक्क जात नाही. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. आपण तिथं सही करून परत येतो. पुढच्या बैठकीला मात्र पटाची वही मागा. दिवाळीनंतर कोणत्या मुली दिसेनाशा झाल्या, ते एकेकीचं नाव घेऊन विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत उठू नका.